सर्फबोर्डाची खोक आणि थर्माकोलचा तराफा

मी पालीचा. अष्टविनायकातली पाली नव्हे बरं का, ती रायगड जिल्ह्यात. आमची पाली बीड जिल्ह्यातली, बीड-मांजरसुंबा रस्त्यावरची, बिंदुसरा धरणाजवळची. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी जवळपास तीनशे किलोमीटर! अशा गावच्या माणसाने सर्फबोर्डाच्या दुरुस्तीवर लिहावं म्हणजे जरा अतिच. पण थांबा, संबंध आहे.

झालं असं, की गेल्या वर्षी गोव्यात एक जुना बोर्ड स्वस्तात मिळाला. कडेला अंगठ्याएवढी खोक पडलेली. म्हटलं, इंजिनिअर आहोत, एवढं काय त्यात? पुण्याला आल्यावर फायबरच्या टाक्या बुजवायला वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन आणलं, हार्डनर मिसळला आणि बाल्कनीत बसून दिलं ओतून. बघता बघता अंगठ्याएवढ्या खोकीची चांगली आमटीची वाटी झाली. आतला फोम चक्क विरघळत होता!

सोमवारी ऑफिसात कोड कंपाइल होईपर्यंत शोधाशोध केली, तेव्हा कळलं की हा घोळ माझ्या आधी सत्तर-पंच्याहत्तर वर्षं एका हुशार माणसाला भोवला होता.

मुळात हवाईतले बोर्ड लाकडी. कोआ, नीरफणस आणि विलीविली ही त्यासाठीची झाडं. यातलं विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचं चुलत भावंड. घासून गुळगुळीत केलेल्या बोर्डाला कुकुईच्या, म्हणजे जंगली अक्रोडाच्या बियांचं तेल चोळायचं. वापरून झाला की वाळवायचा, परत तेल लावायचं आणि कापडात गुंडाळून घरात ठेवायचा. म्हणजे वाळवणं हा देखभालीचा भाग तेव्हापासूनचा. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवणारा ड्यूक कहानामोकू पुढे ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा तिथेही त्याने पाइनच्या लाकडाचाच बोर्ड बनवून घेतला होता.

मग आलं दुसरं महायुद्ध आणि त्याबरोबर नवं रसायनशास्त्र. डाऊ कंपनीचा स्टायरोफोम हा आपल्या थर्माकोलचा सख्खा भाऊ. दोघंही पॉलिस्टायरीनचेच. 1942 मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाने तो कशात वापरला असेल? जीवरक्षक तराफ्यात! (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

युद्धानंतर कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स नावाच्या, कॅलटेकमध्ये शिकलेल्या माणसाने हा हलका फोम बोर्डात घालायचं ठरवलं. वर काचधाग्याचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन. पण त्या रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते पॉलिस्टायरीनला खातं. थोडक्यात, माझी वाटी. सिमन्सने काय केलं? फोमवर पातळ प्लायवूड चिकटवलं, कडांना बाल्साचं लाकूड लावलं आणि रेझिन त्यावर चढवलं. 1954 मध्ये सर्फिंग करतानाच तो बुडून गेला.

1958 च्या सुमारास होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड बाजारात आणले. हा फोम पॉलिएस्टरने विरघळत नाही. पुढे अमेरिकेतले बहुतेक बोर्ड क्लार्कच्याच फोमवर बनू लागले. डिसेंबर 2005 मध्ये त्याने अचानक कारखाना बंद केला आणि बोर्ड बनवणारे हवालदिल झाले. मग पॉलिस्टायरीन आणि इपॉक्सीच्या जोडीला जोर आला. म्हणूनच आज जुना बोर्ड हातात आला, की पहिला प्रश्न हा : आत काय आहे? इपॉक्सी दोन्ही फोमवर चालतं, पॉलिएस्टर फक्त पॉलियुरेथेनवर. शंका असेल तर इपॉक्सीच घ्या.

हे सगळं दिवाळीत गावी एका काकांना सांगत होतो. ते धरणात मासे धरतात. तराफा म्हणजे थर्माकोलचे ठोकळे, वर खताच्या गोण्या शिवलेल्या आणि दोरीने आवळलेलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी उचलून बघितला का? जड लागला तर आत पाणी हाय. मग वरनं कितीबी शिव, काय उपेग नाही."

खरं सांगतो, मी उचलून बघितलाच नव्हता! पुण्याला परतल्यावर बोर्ड वजनकाट्यावर ठेवला. नंतर खोक खाली करून दहा दिवस सावलीत उभा केला (कडक उन्हात फोम फुगतो, वरचं कवच सुटतं). पुन्हा वजन केलं, तर पाऊण किलो कमी! मग सुटं कवच कापलं, कडेने पॉलिश पेपर मारला, वाटी इपॉक्सीने भरली, वर काचकापडाचे दोन थर दिले, दुसरा पहिल्यापेक्षा थोडा मोठा. एक दिवस सुकू दिलं आणि पुन्हा घासलं. काचेची धूळ छातीत जाते, तेव्हा मास्क आणि हातमोजे हवेतच.

माझी चूक झाली तर फार तर एक वीकेंड वाया जातो. पण 2023 मध्ये जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जाणाऱ्या भिव धानोऱ्याच्या मुलांच्या बातम्या आल्या होत्या, उच्च न्यायालयाने त्याची दखलही घेतली. काकांचं "आधी उचलून बघ" तिथे किती मोलाचं आहे, हे मला आत्ता कळतंय.

उरलेलं इपॉक्सी आणि कापड काकांच्या तराफ्यासाठी नेणार होतो. फोनवर त्यांनी किंमत विचारली. सांगितली. म्हणाले, "तेवढ्यात नवा थर्माकोल येतो की रे!"

असो. :-)