डाग दिसले, रोग दिसला का?

१९०६ साली अलॉइस अल्झायमर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील विचित्र डागांचे वर्णन केले. पण तिच्या मृत्यूनंतर. पुढे जवळजवळ शतकभर या डागांची खात्री बहुधा शवविच्छेदनानेच होई. मग पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी डागांतल्या अमायलॉइड प्रथिनाला चिकटणारे रसायन घडवून त्यात किरणोत्सारी कार्बन-११ बसवला. २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे पेट स्कॅनने त्या कार्बनचा माग काढला आणि जिवंत रुग्णाच्या मेंदूतले डाग चित्रात उमटले.

आता निदान सोपे झाले, असे आपल्याला वाटेल. पण पुढे स्मरणशक्ती शाबूत असलेल्या काही वृद्धांतही तेच डाग सापडले! म्हणजे डाग दिसणे आणि स्मृतिभ्रंश होणे एक नव्हे. चित्र पाहिल्यावरही आपल्याला त्या माणसाशी बोलावेच लागते.