काँग्रेस रेडिओ : यंत्राची बाजू

ऑगस्ट 1942 मध्ये आमच्या भंडारा जिल्ह्यातील तुमसरला गोळीबार झाला. दोनच दिवसांनी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर पेटले. त्यानंतर चिमूरच्या बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले, ते छापण्याची सोय वर्तमानपत्रांना नव्हती. ही हकीकत देशाला सविस्तर सांगितली ती मुंबईच्या एका चोरट्या रेडिओ केंद्राने, म्हणजे काँग्रेस रेडिओने. विदर्भाच्या इतिहासाशी या केंद्राचा असा थेट संबंध आहे.

या केंद्राविषयी लिहिताना सगळे उषा मेहतांच्या आवाजाविषयी लिहितात. ते योग्यच आहे. बावीस वर्षांची ही मुलगी जिवावर उदार होऊन बोलत होती. पण रेडिओ नुसत्या हिमतीवर चालत नाही. त्याला व्हॉल्व्ह लागतात, वीज लागते, उंच बांधलेली तार लागते आणि रात्री-बेरात्री बिघाड शोधणारा माणूस लागतो. चळवळीच्या इतिहासात डाग देणाऱ्या हातांची नोंद कोण ठेवणार?

युद्ध सुरू होताच 1939 मध्ये सरकारने हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले होते. त्यामुळे प्रक्षेपकाचे सुटे भाग उघड बाजारातून आणणे म्हणजे स्वतःहून पोलिसांना बोलावणे. प्रक्षेपक उभा केला तो नरिमन प्रिंटर या जाणकाराने. पैशांची जुळवाजुळव विठ्ठलदास झवेरी, बाबूभाई खाकर आदींनी केली. एका नातेवाईक स्त्रीने तर उषाबेनपुढे आपले दागिने ठेवले होते. त्यांनी ते घेतले नाहीत. सर्वांत मोलाची मदत मात्र पैशांची नव्हती. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरवणाऱ्या 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवाने यांनी यंत्रसामग्री दिली आणि ती हाताळणारे तंत्रज्ञही दिले. आमच्या मते दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी. दान आलेले यंत्र सांभाळणारा कोणी नसेल, तर ते चार दिवसांत धूळ खाऊ लागते. हा अनुभव कोणत्याही शाळेला विचारा.

27 ऑगस्ट 1942 पासून 42.34 मीटरवर प्रक्षेपण सुरू झाले. ही लघुलहर रात्री आकाशातील विद्युतभारित थरावरून परावर्तित होते आणि शेकडो मैल जाते. म्हणूनच मुंबईचा आवाज दूरच्या प्रांतात पोहोचू शकत होता. पण तोच आवाज पोलिसांच्या शोधगाड्यांनाही ऐकू येत होता. लहर कोणत्या दिशेने येते हे हेरून त्या जागेजवळ येत, म्हणून बिऱ्हाड सतत हलवावे लागे. चौपाटीचे 'सी व्ह्यू', वाळकेश्वरचे 'रतन महल', लॅबर्नम रोडवरचे 'अजित व्हिला', शेवटी गिरगावचे पारेखवाडी. आता हिशेब करा. या लहरीला अर्ध्या लांबीची तार म्हटली तरी ती 21 मीटर होते. प्रत्येक नव्या जागी कोणाच्या नजरेस न पडता तार ताणायची, यंत्र जोडायचे, लहर पुन्हा जुळवायची. भाषणे एका ठिकाणी मुद्रित होत आणि तबकड्या दुसरीकडे नेऊन वाजवल्या जात.

सुरुवातीला 'हिंदुस्तान हमारा' वाजे आणि शेवटी 'वंदे मातरम्'. इक्बाल यांचा हा तराना 1904 चा. आमच्या उर्दू शाळांतील लहान मुलांनाही तो पाठ असतो. 1942 मध्ये, जेव्हा मुस्लिम लीग या आंदोलनापासून दूर होती, तेव्हा देशातील सर्वांत धोक्याचे केंद्र रोज उर्दूच्या या गीताने उघडत होते. आमच्या मुलांना तराना शिकवताना ही गोष्ट सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

केंद्र जवळजवळ तीन महिने चालले. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी प्रिंटरना पकडले आणि त्यांनी जागा दाखवली. फितूर म्हणून त्यांचे नाव एका वाक्यात निकालात काढले जाते. निकाल खोटा नाही, पण ज्याच्या हातांनी यंत्र बोलू लागले त्याच्याच तोंडून ते बंद पडले, ही बाब एका वाक्यात मावत नाही. भाषण करणारा माणूस पकडला गेला तर त्याची जागा दुसरा घेतो. यंत्र जाणणारे मोजकेच होते, आणि सगळा भार त्यांच्यावर होता.

12 नोव्हेंबरला छापे सुरू झाल्याचे कळूनही उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी यांनी त्या संध्याकाळी पारेखवाडीतून प्रक्षेपण केलेच. 'वंदे मातरम्' वाजत असताना पोलीस दारे फोडून आत आले. 1943 मध्ये विशेष न्यायालयाने खाकर यांना पाच, उषाबेनना चार आणि चंद्रकांत यांना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास आणि मोटवाने सुटले. प्रक्षेपण यंत्रे पोलिसांनी जप्त केली, आणि त्यांच्याबरोबर काँग्रेस अधिवेशनांची छायाचित्रे व बोलपट भरलेल्या 22 पेट्याही.