दहा अक्षरांची साखळी

‘संगणकीय विचार’ हे नाव सेमर पॅपर्ट यांच्या १९८० च्या पुस्तकात आलं, जेनेट विंग यांच्या २००६ च्या लेखाने गाजलं, आणि संगणकाविना तो शिकवण्याचे खेळ टिम बेल व सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधून जगभर नेले. मला मात्र सांगायचं आहे ते मराठी व्याकरणाच्या तासाबद्दल.

तो तास आठवला तो डीएनएचे तुकडे जोडण्याची रीत वाचताना. तिथे डच गणिती द ब्रॉइन यांच्या नावाची साखळी भेटली. चिन्हं दोनच, पण अशी ओवलेली की तीन-तीन चिन्हांची प्रत्येक जुळणी एकदाच यावी. उदाहरण पाहिलं आणि ओठांवर आलं : यमाताराजभानसलगा!

वृत्तं शिकताना घोकलेलंच हे. तीन अक्षरांचा एक गण; ‘यमाता’ : लघु (आखूड), गुरू (लांब), गुरू, हा य गण. एक अक्षर पुढे सरका, ‘मातारा’ : म गण. दहा अक्षरांत आठही गण. शाळेत याच्या जोडीला दुसरा तक्ताही असे : यमाचा, राधिका, ताराप, नमन... आठ शब्द, चोवीस अक्षरं. तक्ता पाठच करावा लागतो. साखळीतून गण काढता येतो. संगणकीय विचार म्हणतात तो हाच.

ही साखळी रचली कोणी? चार्ल्स फिलिप ब्राउन यांनी संस्कृत छंदांवरच्या १८६९ च्या पुस्तकात ती पाणिनीची ठरवली. मला हे मुळीच पटत नाही. एक परंपरा छंदःशास्त्राचा कर्ता पिंगळ याला पाणिनीचा धाकटा भाऊ मानते. थोरल्याने अशी किल्ली करून ठेवली असती, तर धाकट्याने छंदःशास्त्राच्या आरंभी गणागणाला वेगळं सूत्र कशाला दिलं असतं? म गणाला ‘धीश्रीस्त्रीम्’, न गणाला ‘न हस न्’. म्हणजे पिंगळाच्या हातातही तक्ताच होता! साखळी त्याच्या नंतरची, आणि माझ्या मते ती वर्गातच जन्मली : पाठांतराने दमलेल्या मुलांसाठी कुणा शिक्षकाने जुळवलेली.

कुणी म्हणेल, योगायोग. पण लघु-गुरूच्या दहा अक्षरी रचना १०२४ होतात आणि आठही गण सामावणाऱ्या फक्त १६. त्यांतही शेवटी ल आणि गा, म्हणजे लघु आणि गुरू, आपापल्या जागी बसतील अशा चारच. इतकं नेमकं काम बसून, खोडून, पुन्हा मांडूनच होतं. द ब्रॉइन यांचा अशा साखळ्यांवरचा लेख १९४६ चा, ब्राउन यांच्या पुस्तकाच्या कितीतरी नंतरचा. त्यांच्याही आधी, १८९४ मध्ये, गणिती सेंत-मारी यांनी त्या मोजल्या होत्या, हे द ब्रॉइन यांनीच पुढे मान्य केलं.

वृत्तं वरच्या वर्गांत येतात, पण साखळी चौथीतही खेळता येते. बाईंना आणि गुरुजींना विनंती : शेवटचे ल, गा सोडून आठ अक्षरांची आठ मुलं गोल रिंगणात उभी करा. हात वर म्हणजे गुरू, खाली म्हणजे लघु. प्रत्येकाने स्वतःपासून पुढची तीन अक्षरं वाचावीत; प्रत्येकाला आपल्याच अक्षराचा गण मिळेल. उलट्या दिशेने गेलं तरी आठही सापडतात का, हे मात्र सांगू नका. मुलांना शोधू द्या.