भूमिकाखेळांतील संमिश्र विश्वे

मेजाभोवती बसून फासे व संभाषण यांच्या साहाय्याने खेळावयाच्या भूमिकाखेळांत (रोल-प्लेइंग गेम) परस्परांशी न जुळणारे कथाप्रकार एकत्र आणून रचलेली कल्पितविश्वे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या अमेरिकन खेळाने या खेळप्रकाराचा पाया घातला. आरंभी अशी सरमिसळ प्रसंगापुरतीच असे. गायगॅक्स यांच्या ‘एक्स्पिडिशन टू द बॅरिअर पीक्स’ (१९८०) या साहसात तलवारबहाद्दर व जादूगार डोंगरात कोसळलेल्या अंतराळयानात शिरतात. एखादे किरणास्त्र हाती लागते, एवढेच. ‘शॅडोरन’मध्ये (१९८९) मात्र संगणकजाळे, बलाढ्य कंपन्या आणि पुन्हा अवतरलेली जादू ही एकाच समाजाची अंगे आहेत.

अशी जोड टिकण्यास तिचे कारण त्या विश्वातच असावे लागते. शेन लेसी हेन्स्ली यांच्या ‘डेडलँड्स’मध्ये (१९९६) गुराख्यांच्या कथेला भयकथेची जोड आहे. १८६३ पासून प्रेते उठू लागतात, अमेरिकन यादवी युद्ध लांबते आणि ‘घोस्ट रॉक’ या कल्पित खनिजावर अद्‌भुत यंत्रे चालतात. ही कारणपरंपरा चोख आहे; परंतु तिच्यासाठी इतिहास वाकविला गेला. दक्षिणेचा राज्यसंघ टिकला व त्याने गुलामगिरी आपणहून रद्द केली, असे त्यात मानले होते. दोन्ही पक्षांची पात्रे खेळाडूंना निःसंकोचपणे घेता यावीत, ही त्यातील सोय उघड आहे. तथापि उठणाऱ्या प्रेतांहून हीच कल्पना अधिक अविश्वसनीय वाटते. पुढे प्रकाशकांनी या विश्वाचा इतिहासच बदलून तो राज्यसंघ त्यातून काढून टाकला.