उजव्या हाताचे सत्तर टक्के

मुंबईच्या गोद्यांचा इतिहास सांगताना आपण उद्घाटनाच्या तारखा सांगतो. प्रिन्सेस डॉक १८८० साली खुला झाला, अलेक्झांड्रा डॉक १९१४ साली. त्यालाच पुढे इंदिरा डॉक म्हणू लागले. ते बांधताना कोणाकोणाची बोटे गेली, हे कोनशिलेवर लिहायची रीत नाही.

समुद्रातल्या बांधकामात हातावर फार बेतते. दगड साखळीला टांगून खाली सोडायचा. तो लाटेने हेलकावतो, म्हणून हाताने सारखा करावा लागतो. साखळी ताणली जाताना किंवा दोन दगड भिडताना हात मध्ये असला की संपले. ओझे वर घ्यायला खलाशी ‘हबेस’ म्हणतात, खाली सोडायला ‘आरिया’. हा ‘आरिया’ पोर्तुगीज नाविकांकडून आलेला. कविता करणाऱ्या मला अशा शब्दांचे फार अप्रूप. पण भर वाऱ्यात तो ऐकू गेला नाही, तर बोटे जात.

१८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा मृताच्या वारसांपुरता होता. हात गमावून जगलेल्याला त्यात जागा नव्हती. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. त्याचे पहिले परिशिष्ट मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती ७० टक्के घटली असे धरायचे, डावा गेला तर ६०. अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचे कुठलेही बोट ५. पुढे उजव्या-डाव्याचा भेद गेला. अंगठा ३० झाला, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. धक्के, समुद्रभिंती यांवर राबणारेही दुसऱ्या परिशिष्टातल्या कामगारांत मोजले जाऊ लागले.

कायदा आला हे मोठेच काम झाले. तरी मला वाटते, ही यादी लेखणी धरणाऱ्या हाताकडे पाहून केली असावी. लेखणीला अंगठा, तर्जनी आणि मधले बोट पुरते. जाड दोर आवळून धरायचा तर जोर लागतो अनामिकेचा आणि करंगळीचा. यादीत सगळ्यांत स्वस्त तीच.

शिवाय टक्क्यांचे रुपये व्हायचे ते पगाराच्या हिशोबाने. एकाच साखळीत मुकादमाचे आणि बिगाऱ्याचे बोट सापडले, तर टक्के दोघांना सारखे लागत. हातात पडणारी रक्कम बिगाऱ्याची कमी.