नकाशाबाहेरचं पाणी

कॅमेरा उचला आणि चला. साल १९२३ आहे, एप्रिल सरत आलाय आणि लिबियाच्या वाळवंटात तुम्ही एका काफिल्याच्या मागोमाग चालताय.

चाल रात्रीची. दिवसाच्या उन्हात उंटांचे हाल होतात, म्हणून तिन्हीसांजेला निघायचं ते उजाडेपर्यंत. चालता चालता डोळा लागतो आणि पायाला धोंडा लागला की जाग येते. घोटभर पाणी मिळतं, त्यालाही पखालीच्या कातड्याचा वास.

काफिल्याचा म्होरक्या अहमद हसनैन बे. इजिप्तचा, ऑक्सफर्डला शिकलेला, १९२० च्या ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीत उतरलेला माणूस. भूमध्य समुद्राकाठच्या सल्लूमहून निघून तो कुफ्रापर्यंत आला. कुफ्राच्या पलीकडे, दक्षिणेला, अर्केनू आणि उवेनात अशी दोन मरूद्यानं आहेत हे त्याच्या कानावर होतं. नकाशावर मात्र त्यांची जागा पक्की नव्हती. ती मोजायला त्याने थिओडोलाइट आणलाय आणि दाखवायला कॅमेरे.

अर्केनू मागे पडलं. तिथल्या डोंगरातल्या दरीची एक गोष्ट वाटेत कळते: आसपासचे लोक उंट आत चरायला सोडतात, दरीचं तोंड दगडांनी बंद करतात आणि निघून जातात. तीन महिन्यांनी येऊन घेऊन जातात. राखण कुणाची नाही. ज्या जागेला जग हरवलेली म्हणतं, ती या माणसांच्या इतक्या रोजच्या वापरातली आहे.

पहाटे समोर उवेनात उभा राहतो. खजुराच्या झाडांनी वेढलेलं निळं तळं तुम्ही मनात धरून आला असाल तर ते सोडून द्या. इथे आहे तो एक अजस्र डोंगर, पायथ्याशी फुटून पडलेल्या शिळा, आणि त्या शिळांच्या बेचक्यात, उन्हाचा कवडसाही पोचत नाही अशा जागी, पाणी. आपल्या गडावरच्या टाक्यात असतं तसं गार, काळसर, निवांत. लोक याला झरा म्हणतात, पण हे साठून राहिलेलं पावसाचं पाणी आहे. इथे पाऊस वर्षानुवर्षं फिरकत नाही. कधी आलाच, तर कातळ त्यातलं थोडं सावलीत राखून ठेवतो. ओंजळ भरा. आधी प्या, फोटो नंतर.

कोडॅकचा भाता उघडण्यापूर्वी फुंकर मारून वाळू झटका. एक कण आत गेला तरी फिल्मवर ओरखडा उठतो. मागच्या लाल काचेत आकडा दिसेपर्यंत किल्ली फिरवा. बेचक्यातल्या पाण्यावर मोजक्या चौकटींपलीकडे घालवू नका. खरं पाहायचं आहे ते पुढे, दरीत.

दरीत बाभळीच्या जातीची झाडं आहेत. त्यांच्यामधून वाट काढत स्थानिक वाटाड्या एका खडकापाशी थांबतो. भर दुपार असती तर तुम्हाला काहीच दिसलं नसतं. सूर्य कलल्यावर तिरपं ऊन खडकावर सरकतं आणि खोदलेल्या रेषांमध्ये सावली भरते. जिराफ. त्याच्या शेजारी शहामृग, हरणं, सिंह. हात फिरवा: चर अर्ध्या इंचाच्या आतबाहेर खोल, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. आता जे नाही ते शोधा. या खडकावर एकही उंट नाही. ज्या प्राण्यावाचून इथे येताच येत नाही, तोच खोदणाऱ्यांना ठाऊक नव्हता! हसनैन इथेच अडतो आणि बरोबर ताडतो की ही चित्रं उंट या मुलुखात येण्याच्या आधीची. सहारात तेव्हा गवत होतं, पाणवठे होते. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ते आटत गेले.

सावकाश शटर दाबा. तुम्ही ज्या वर्षात आला आहात त्याच्याही हजारो वर्षं मागे कुणीतरी इथे उभं राहून जिराफ निरखला होता, मानेचा बाक हाताला बरोबर साधेपर्यंत. इतकं निरखणं आपल्याला जमतं का, हा प्रश्न मी प्रत्येक फोटोग्राफरला विचारीन.

पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, ही छायाचित्रं ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये छापली जातील. लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी हसनैनला सुवर्णपदक देईल, आणि ते त्याला शोभतंच. ‘शोध’ या शब्दाबद्दल मात्र माझं म्हणणं आहे. उवेनातला गोरान लोकांची वस्ती आहे, हेरी नावाचा त्यांचा राजा आहे. पाणी कुठल्या बेचक्यात आणि चित्रं कुठल्या दरीत, हे त्यांनी दाखवलं. नकाशात बिंदू आता उमटेल, पण पाऊलवाट त्यांची आहे.

रमजान चालू आहे. उपास सुटेपर्यंत थांबा. मग हेरीच्या माणसांपाशी जा, बसा, नावं विचारा, आणि ‘हो’ म्हणाले तर उरलेलं रीळ त्यांच्यासाठी वापरा.