फुलांच्या खोलीतील खाट

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला एकेकाळी बहुधा दोनच ठिकाणी निवारा मिळे : तुरुंगात, नाही तर मनोरुग्णालयात. व्यसन हा आजार नसून निव्वळ दुर्गुण आहे, अशीच समाजाची धारणा होती. आणि दुर्गुणी माणसासाठी खाट कोण अडवून ठेवणार? सर्वसाधारण रुग्णालये अशांना सहसा दारातूनच परत पाठवीत. ते दार उघडणाऱ्यांत एक कॅथलिक धर्मभगिनी होती.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन हे शहर आहे. तेथे १९३५ साली नुकतेच व्यसनातून सावरलेले बिल विल्सन आणि मद्यासक्त शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची भेट झाली. एका व्यसनी माणसाने दुसऱ्याचा हात धरला तर दोघेही सावरतात, या अनुभवातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ जन्मास आली. परंतु दारू सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस जीवघेणे ठरू शकतात. हातापायांना कंप सुटतो, भास होतात, झटके येतात. त्यासाठी वैद्यकीय देखरेख हवीच होती.

ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णांना दाखल करून घेण्याचे काम सिस्टर इग्नेशिया पाहत असत. आयर्लंडमध्ये १८८९ साली जन्मलेल्या या संगीतशिक्षिकेची प्रकृती अतिश्रमाने ढासळली होती. म्हणूनच त्यांच्याकडे हे तुलनेने हलके काम आले होते. ऑगस्ट १९३९ मध्ये डॉ. स्मिथ यांच्या विनंतीवरून त्यांनी एका मद्यपीला ‘तीव्र जठरदाह’ या निदानाखाली दाखल करून घेतले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्यासाठी एकांत मागितला. स्वतंत्र खोली रिकामी नव्हती. तेव्हा रुग्णांसाठी आलेली फुले जेथे सजवीत, त्या लहानशा खोलीत सिस्टरांनी त्याची खाट हलविली.

त्या खाटेचा पुढे स्वतंत्र विभाग झाला. रुग्ण काही दिवस तेथे राही. सावरलेले लोक येऊन त्याला आपली कहाणी सांगत. डॉक्टरांनी या सेवेचे शुल्क घेतले नाही. घरी जाणाऱ्यास सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचे एक चिन्ह देत. अट एकच : पुन्हा पेला हाती घेण्यापूर्वी ते स्वतः येऊन परत करायचे. १९५२ साली क्लीव्हलंड येथे त्यांनी ‘रोझरी हॉल’ हा विभाग सुरू केला. १९६६ साली त्या निवर्तल्या.

हीच वाट पुढे आपल्याकडेही रुजली. १९८१ साली वांद्र्यात फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ स्थापन केले. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांना त्यांनी योगसाधनेची जोड दिली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ उभे राहिले. व्यसनी माणसाला काही काळ घराबाहेर, पण माणसांतच ठेवायचे, हे या निवासी उपचारांचे मर्म आहे.

आपल्या समाजात बारशापासून लग्नापर्यंत पेला फिरतो. मात्र त्यात कोणी बुडाला की तोच घराण्याचा कलंक ठरतो. त्याचा आजार आपण पोटदुखी म्हणून लपवितो. सिस्टर इग्नेशियांनीही खरे निदान लपविले होते. परंतु ते रुग्णाला आत घेण्यासाठी! आपण लपवितो ते कशासाठी?